पेटीला पाणी पाजलं ते वर्ष

चांगल्या पेटीचं झाकण पडत नाही, उतरतं. आतल्या हवेला बाहेर जायला फट नसते, म्हणून ते क्षणभर तिच्यावर तरंगतं आणि मग हलकेच टेकतं. परवा नीलने फोनवर त्याची नवी सिगारची पेटी दाखवली तेव्हा मी म्हटलं, "झाकण एकदा वरून सोड बघू." त्याने सोडलं. तिकडे टोरांटोत ते झाकण उतरलं आणि इकडे नांदेडला पोळपाटावरचा माझा हात थांबला.

"आजी, तुला हे कसं माहीत?" नीलने विचारलं. मागून इरा ओरडली, "आजी सिगार ओढायची!" आणि तुम्ही दोघं हसत सुटलात. फोनवर मला गोष्टी क्रमाने सांगता येत नाहीत, आणि ही गोष्ट तर क्रम चुकल्याचीच आहे. म्हणून लिहिते आहे. आजी म्हणून आधी हे लिहायला हवं की सिगार ओढू नये. लिहिलं. आता पुढे.

भाद्रपद संपत आला तरी इथे पाऊस नाही. गल्लीत टँकरचा भोंगा वाजला की माझे पाय आपोआप मोरीकडे वळतात. तिथे आता घागरी नाहीत, तरी वळतात. दुष्काळ परत येतो तो मला आधी कानांना कळतो. नळ सोडला की पाण्याऐवजी एक लांब सुस्कारा येतो. दारं चौकटीत सैल वाजू लागतात. लाकूड आकसतं. त्या वर्षीही असंच होतं, आणि त्याच वर्षी मी लाकडाला पाणी पाजत बसले होते.

लातूर नवा जिल्हा झाला ते वर्ष. तुमचे आजोबा महसूल खात्यात होते, त्यामुळे आम्ही उस्मानाबादचं बिऱ्हाड उचलून लातूरला आलो. नव्या जिल्ह्याची मला आठवते ती म्हणजे ओल्या रंगाची पाटी. कचेरी भाड्याच्या घरात, साहेबांची खुर्ची आलेली पण टेबल यायचं होतं, आणि उस्मानाबादहून फायली ट्रकने येत होत्या. निम्म्या फायली चुकीच्या गावच्या निघत, त्या परत जात. निलंग्याकडची माणसं रोज सकाळी एसटीतून उतरून विचारायची, "आमचं हापीस कुटं हाय?" आणि सांगणाऱ्यालाही नक्की माहीत नसायचं. सगळं शहर कुठे काय ठेवलंय ते शोधत होतं. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं.

त्याच दिवसांत दिलीपचं पार्सल आलं. दिलीप माझा धाकटा भाऊ, जर्मनीत होता. त्याचा एक मित्र लातूरचा. तो सुट्टीवर आला तेव्हा दारात उभं राहून एक खोका देऊन गेला. "चिरूट अण्णांसाठी आहेत. बाकीचं सामान पेटीचं. पत्रात सगळं लिहिलंय म्हणाला, येईलच ते."

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन नांदेडला एकटे राहत होते. आम्ही लहान असताना ते कालव्याच्या पाहणीवरून घरी येत, तेव्हा आधी चिरुटाचा वास यायचा आणि मग सायकलची घंटा. दिलीपला त्यांनी विष्णुपुरी धरणाच्या कामावर नोकरी लावून दिली होती. ती त्याने वर्षभरात सोडली आणि तिकीट काढून झाल्यावर घरी सांगितलं. अण्णा एवढंच म्हणाले, "जातोस तर परत यायची तसदी घेऊ नकोस." त्या दिवसापासून त्यांनी चिरूट सोडला. का, ते कुणी विचारलं नाही. चार वर्षं बाप-लेकांत एक कार्ड नाही. दिलीप मला लिहायचा, मी अण्णांना वाचून दाखवायची, अण्णा वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

खोक्यात पंचवीस चिरूट होते, जाड पिशवीत बंद केलेले. पेन्सिलीच्या वासाच्या तांबूस पातळ फळ्या होत्या. आणि हवेतली ओल दाखवणारं छोटं घड्याळ होतं, एकाच काट्याचं. आठवड्याने निळं विमानपत्र आलं. त्यात "प्रिय ताई" नव्हतं, ख्यालीखुशाली नव्हती. मजकूर सरळ इंग्रजीत आणि सरळ पाच आकड्यापासून सुरू होत होता. पाच: झाकण घट्ट बसतं का ते कागदाची पट्टी धरून बघ. सहा: आत वाटीभर शुद्ध पाणी ठेवून पेटी बंद कर, लाकडाला पोटभर पिऊ दे. सात: काटा सत्तरवर येऊन थांबला की चिरूट ठेव. आठ: मग तीन महिने उघडू नका.

आता तुम्ही म्हणाल, एक ते चार कुठे गेले? मुलांनो, हा प्रश्न मी त्या वेळी स्वतःला नीट विचारला नाही. दिलीप होताच तसा. शाळेत गणिताच्या वहीत तो उत्तर आधी लिहायचा आणि मास्तर ओरडले की मग वर चढून रीत. मला वाटलं, स्वारी इथेही मधूनच सुरू झाली. मी काय केलं, तर त्या सूचनांचं स्वच्छ मराठीत भाषांतर केलं, पाचाला एक म्हटलं, आठाला चार, आणि तो कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. हैदराबादला नन्सच्या हाताखाली शिकलेली मी. आकडे एकपासून सुरू झाले नाहीत तर मला झोप येत नसे.

पेटी रशीदचाचांनी केली. गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. बाहेरून सागवान, आतून त्या तांबूस फळ्या. मी कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांनी रंधा खाली ठेवला.

"बाई, चाळीस साल गेले लाकडातलं पानी काढण्यात. तुम्ही घालाया सांगताय?"

"तसंच लिहिलंय, चाचा."

"लिखा है तो करेंगे. मगर ये संदूक है के मछली का तालाब?"

झाकण मात्र त्यांनी असं बसवलं की काय सांगू. माझ्याकडून चिमूटभर कुंकू मागून घेतलं, पेटीच्या काठावर बोटाने फिरवलं, झाकण टेकवून उचललं. जिथे झाकणाला लाल लागलं तिथे लाकूड उंच. तेवढंच एक केसभर तासायचं, पुन्हा कुंकू, पुन्हा झाकण. असं दुपारभर. शेवटी काठ सगळीकडून सारखा लाल उमटला तेव्हा त्यांनी हात वरून काढून घेतला. झाकण उतरलं, हवेवर थबकलं, टेकलं. कागदाची पट्टी ओढली तर चारी बाजूंनी अडली. "अब बैठा," चाचा म्हणाले, आणि बोटावरचं कुंकू पुसलं.

घरी आणल्यावर पेटी दुसऱ्या दिवशी कोनाड्यात नव्हती. गच्चीवर उन्हात होती, शेजारी ज्वारी आणि चादरीवर तूर. सासूबाईंनी तिला ऊन दाखवलं होतं. त्या निलंग्याकडच्या एका खेड्यातल्या. ज्वारी, डाळ, गोधड्या, लोणच्याची बरणी, काहीही बंद करण्याआधी त्या उन्हात ठेवत. आतल्या एका फळीला तडा गेला होता.

"आई, हिला ऊन नाही, पाणी द्यायचंय."

"आगं, पानी लागलं की कीड लागती. येवढं कळंना तुला?"

"ही उलटी पेटी आहे. चिरूट वाळू नयेत म्हणून हिच्यातली ओल बाहेर जाऊ द्यायची नाही."

त्यांनी तुरीवरून हात फिरवला. मग पेटीकडे बघितलं. "मान्सांला घागर मिळंना आन् पेटीला वाटीभर? लई शिकलीस बाई तू."

तुमचे आजोबा जेवत होते. म्हणाले, "नवा जिल्हा, नवी पेटी. दोन्हींत अजून काही ठेवलेलं नाही, पण पाणी दोन्हींना हवंय."

चाचांनी फळी बदलून दिली. पाणी मी बॅटरीच्या दुकानातून आणलं, कारण तसं शुद्ध पाणी तेवढं तिथेच मिळायचं. वाटी आत ठेवली, झाकण सोडलं. काटा तिसावर. दुसऱ्या दिवशी बत्तीस. लाकूड पीत होतं आणि काटा हलत नव्हता. आठ दिवसांत वाट्यांवर वाट्या गेल्या. मग बॅटरीवाल्याकडचं पाणी संपलं, हैदराबादचा माल यायचा होता. मी वाटी रिकामी घेऊन ओट्यापाशी उभी होते. सासूबाईंनी त्यांचा तांब्या पुढे सरकवला. त्यांच्या वाटणीचं, उकळून गाळलेलं.

"घे. येवढं पाजलंस, आता तान्हेलं ठिवू नको."

मला अजूनही कळत नाही, तोवर ज्या पेटीला त्या नावं ठेवत होत्या तिला त्यांनी आपलं पाणी का दिलं. मी विचारलं असतं तर त्यांनी "उगं" म्हटलं असतं. पण त्या दिवसापासून त्या रोज सकाळी देवपूजा झाली की पेटीपाशी येऊन विचारायच्या, "कितीवर हाय?"

पंधराव्या दिवशी काटा सत्तरवर आला आणि तिथेच थांबला. मी हात धुऊन चिरूट ठेवले, एकाशेजारी एक, पंचवीस. झाकण सोडलं. कपाटावरच्या कागदावर चौथ्या कलमापुढे तारीख लिहिली.

दिवाळीला अण्णा आले. नांदेडहून एसटीने, गुडघ्यावर फराळाचा डबा ठेवून. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा ते कोनाड्यापाशी उभे होते. त्यांचा हात झाकणावर होता, उघडायला नाही, नुसता ठेवलेला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"शालू, एखादा ओढून बघू का गं?"

आणि मी म्हणाले, "नाही अण्णा. अजून तीन महिने उघडायची नाही. दिलीपने तसं लिहिलंय."

वर त्यांना कपाटाचं दार उघडून कागद दाखवला. कलम चार. अण्णांनी चष्मा लावून तो वाचला. उभा जन्म सरकारी नियमात गेलेला माणूस. "लिहिलंय तर मग राहू दे," म्हणाले आणि हात काढून घेतला.

तुम्हाला वाटेल की मी हे विसरले असेन. नाही. त्या दुपारी कुठून फोडणीचा वास येत होता तेसुद्धा मला आठवतं. मला त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसायला हवं होतं, आणि मला त्यातलं काही दिसलं नाही. मी खूश होते. पेटी माझ्या हातची, काटा सत्तरवर, नियम पाळला जातोय. त्याच संध्याकाळी मी दिलीपला सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं: पार्सल मिळालं. पेटी तुझ्या सांगण्याप्रमाणे केली. अण्णा येऊन गेले. त्यांनी एकही चिरूट ओढलेला नाही, पंचवीसही नीट ठेवले आहेत.

दिलीपचं उत्तर आलं नाही. मार्गशीर्षात मी आणखी एक पत्र पाठवलं. तेही गेलं ते गेलंच. मी यांना म्हणायची, "असं कधी करत नाही तो." हे म्हणायचे, "काम असेल." नांदेडहून अण्णांचं कार्ड यायचं, त्यात शेवटी एक ओळ: पेटी ठीक ना? दिलीपचं नाव नसायचं. मी उलट टपाली कळवायची, सत्तर.

तो हिवाळा असा कोरडा गेला की ओठांवरची सालं हसतानाही फुटत. एकदा सासूबाईंनी मला ते घड्याळ बाहेर काढून गच्चीवर धरायला लावलं. तीन महिने अजून संपायचे होते. मी झाकण जेमतेम बोटभर उघडून ते काढलं.

"भाईर किती?"

"बावीस."

"आन् पेटीत?"

"सत्तर."

त्या आभाळाकडे बघून म्हणाल्या, "मंग पाऊस पेटीतच हाय म्हण की."

तीन महिने माघात संपले, पण अण्णा आले की त्यांच्याच हाताने उघडू म्हणून पेटी तशीच राहिली. चैत्रात फायलींचा शेवटचा ट्रक आला. हे संध्याकाळी घरी आले आणि एक निळं विमानपत्र माझ्या हातात देऊन म्हणाले, "उस्मानाबादच्या घरमालकीणबाईंनी कारकुनाबरोबर पाठवलंय. तुझं म्हणून त्यांनी इतके दिवस ट्रंकेत जपून ठेवलं होतं." पत्ता आमच्या जुन्या बिऱ्हाडाचा, दिलीपच्या हातचा. तारीख त्या आधी आलेल्या पत्राचीच. मजकूर एकात मावेना म्हणून त्याने एका बैठकीत दोन पत्रं लिहिली होती. एकावर सवयीने जुना पत्ता घातला, आणि दुसऱ्यावर लिहिताना त्याला आठवलं असणार की आम्ही लातूरला गेलो.

प्रिय ताई, त्यात होतं. अण्णांना सांग, खोका मिळेल त्याच दिवशी एक ओढा. पत्र लिहू नका म्हणावं, फक्त कसा होता तेवढं तुझ्याकडून कळवा. त्यांनी ओढला तर मी समजेन की मला यायला हरकत नाही. ओढला नाही तरी समजेन, मग मी पुन्हा त्रास देणार नाही. उरलेल्यांना पेटी लागेल, ती अशी. एक: आतून पॉलिश नको. दोन: उन्हात ठेवू नका. तीन, चार, असंच.

मी ते उभ्यानेच वाचलं. मग कपाटाचं दार उघडून माझा कागद वाचला. एक, दोन, तीन, चार. इतका नेटका कागद मी आयुष्यात दुसरा लिहिला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नांदेडला निघाले. पेटी मांडीवर. अहमदपूर, लोहा, दोन्हीकडे काळी जमीन भेगाळलेली, आणि माझ्या मांडीवर तेवढी सत्तरची ओल. शेजारच्या बाईने विचारलं, "देव हाय का आत?" मी मान हलवली, ती हो होती की नाही, मलाच ठाऊक नाही. अण्णांना काय सांगायचं तेही सुचत नव्हतं. चूक माझी म्हणावी, तर मी लिहिलं होतं तेच केलं. दिलीपची म्हणावी, तर त्याने सगळं लिहिलं होतं. घरमालकीणबाईंची म्हणावी, तर त्यांनी ते जपून ठेवलं होतं. सगळ्यांनी सगळं जपूनच ठेवलं होतं.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. घडी घातली. "म्हणजे पाच महिने तो धरून बसलाय की मी ओढला नाही."

"मीच कळवलं तसं, अण्णा. मीच लिहिलं."

त्यांनी पेटी पुढे ओढली, झाकण उघडलं. तांबूस लाकडाचा वास आला आणि त्याच्यामागून दुसराच, ओळखीचा. अण्णांनी एक चिरूट उचलला, त्याच्याखाली बोट घातलं आणि कडुनिंबाचा वाळका पाला बाहेर काढला. चांगला मूठभर.

"हे पण दिलीपने लिहिलंय?"

"सासूबाईंनी घातलं असणार. कीड लागू नये म्हणून."

अण्णा हसले. चार वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला एकीकडे रडू येत होतं. त्यांनी चिरूट पेटवला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण विझवला नाही.

"कसा आहे?"

"कडुनिंबाची धुरी दिल्यासारखा," म्हणाले, आणि पुढचा झुरका घेतला.

पुढच्या आषाढात दिलीप आला. अण्णा आणि तो दुपारी गच्चीवर दोन खुर्च्या टाकून बसले, मी जिन्यात चहा घेऊन उभी. मला वाटलं होतं आता काहीतरी बोलतील. तासभर फक्त धूर येत होता. मध्येच दिलीप म्हणाला, "अण्णा, हा कडू आहे." अण्णा म्हणाले, "आहे." बस्स. कोणी कोणाची माफी मागितली, की मागितलीच नाही, की त्या धुरात ती होऊनही गेली, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही. विचारायला आता दोघेही नाहीत. पेटी आहे. तिच्या काठावरचं कुंकू अजून फिकट लाल दिसतं, आणि झाकण अजून उतरतं.

पण मला लिहायचं होतं ते त्या चैत्रातल्या दिवसाचं. चिरूट तोंडात धरूनच अण्णांनी चप्पल घातली आणि तारघराकडे निघाले, मी मागे. मी वाटेत मजकूर जुळवत होते: पत्र उशिरा मिळालं, गैरसमज झाला, मनात काही ठेवू नकोस, लवकर ये. अण्णांनी फॉर्म घेतला, एक ओळ लिहिली आणि माझ्यापुढे सरकवला. एक ओढला, चोवीस उरले. अण्णा.

"अहो अण्णा, यात ये असं कुठेच नाही. उशीर का झाला तेही नाही. त्याला काय कळणार?"

अण्णांनी फॉर्म खिडकीतून आत दिला.

"कळेल," म्हणाले. "तो उत्तर आधी लिहितो. रीत मागून करेल."